ढगीची डावी बाजू

आमच्या घरात माणसांपेक्षा जनावरांचे फोटो जास्त आहेत. माझ्या लहानपणचे मोजून नऊ सापडतील आणि त्यातल्या चारांत मी कुठल्यातरी वासराच्या मागे उभी आहे. बाबांच्या हातात कॅमेऱ्याचा पहिला फोन आला तेव्हापासून त्यांनी एक शिरस्ता लावून घेतला: दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक जनावराचे दोन फोटो, एक डावीकडून, एक उजवीकडून, चार पावलं मागे सरून. बाकीचे दिवस जे समोर येईल ते. गोठ्याच्या वाशातलं चिमणीचं घरटं, सापाची कात, तळ्यावरचा खंड्या, वाळत घातलेल्या चादरीवर येऊन बसलेला सरडा. आई असताना म्हणायची, ह्या माणसाकडून फोटो काढून घ्यायचा तर मला शिंगं लावून गोठ्यात उभं राहावं लागेल.

त्यामुळे बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांना डोळ्याची काळजी नव्हती. ऑपरेशन पडद्याचं होतं, शहरात, आणि त्यानंतर आठ आठवडे माझ्या भाड्याच्या खोलीवर राहायचं होतं. डॉक्टरांनी दादाला आणि मला समोर बसवून सांगितलं की वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि खड्ड्यांच्या रस्त्याने प्रवास तर अजिबात करायचा नाही. पडदा पुन्हा सुटला तर डोळा गेला असं समजा. बाबांनी एवढंच विचारलं की तोवर जनावरांकडे कोण बघणार. दादा म्हणाला, मी आहे ना. रोज सकाळी फोटो पाठवतो, बसल्या जागी बघा.

पहिले दोन आठवडे बाबांना पालथं पडून राहायचं होतं. फोटो मी बघायची आणि वाचून दाखवल्यासारखे सांगायची. दोन म्हशी, तांबडी गाय, बदकं, कुत्रा आणि शेवटी ढगी. ढगी शेवटी, कारण तिच्यावर बाबांचे प्रश्न संपत नसत. ती पांढरी आहे. डाव्या कुशीवर ढगासारखा मोठा काळा डाग, त्याच्या खालच्या कडेला कोणी घास तोडल्यासारखी खाच. उजव्या कुशीवर नुसते दोन ठिपके. आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी ती जन्मली आणि तिची आई विताना मेली. खिडकीखाली वासरू उभं करून आई पलंगावरूनच त्याला बाटलीने दूध पाजायची. पुढे आई गेली, ढगी राहिली. बाबा ह्याबद्दल कधी बोलत नाहीत. ढगीला मात्र रोज दोनदा जाऊन बघतात.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना थोडं दिसायला लागलं. मग फोटो मोठा करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्या सुमारास दादाचा फोन पाण्याच्या टाकीत पडला होता म्हणे, त्यामुळे फोटो वहिनीच्या फोनवरून येत. ते धुरकट असत आणि प्रत्येकात कुठेतरी वहिनी असायचीच. खांदा, कान, अर्धा चेहरा. बाबा म्हणत, सूनबाईचा खांदा मध्ये येतोय, तो काढ आधी. मी कडा कापायची, गाय मधोमध आणायची आणि डोळ्यापासून वीतभर अंतरावर फोन धरायची.

एके सकाळी त्यांनी फोन माझ्या हातून काढून घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

"ही ढगी नाही," ते म्हणाले.

मी हसले. अजून दिसत नाही नीट, म्हटलं. ते म्हणाले, माझ्या डोळ्यांचं राहू दे, तुझे तर धड आहेत ना, तू बघ.

मी बघितलं. पाण्याचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत मी काम करते; दोन नमुने एकाच विहिरीतले आहेत की नाहीत, हे सांगणं माझं रोजचंच. बाबांच्या एक तारखेच्या फोटोंचा गठ्ठा त्यांच्या फोनमध्ये होता. दादाने पहिले दोन आठवडे पाठवलेले माझ्या फोनमध्ये होते. ते दोन्ही जुळत होते. अकरा तारखेपर्यंत सगळं जुळत होतं. बारा आणि तेरा तारखेला एकही फोटो आला नव्हता. चौदा तारखेपासूनच्या फोटोंमध्ये मोठा काळा डाग उजव्या कुशीवर होता.

डाग तसाच होता, खाचही तशीच. नुसती बाजू वेगळी. मग मी शिंगं बघितली. ढगीच्या उजव्या शिंगाचं टोक मोडलेलं आहे. ह्या गाईचं डावं मोडलेलं होतं. कानातला पिवळा बिल्ला ढगीच्या डाव्या कानात, हिच्या उजव्या. बिल्ल्यावरचा आकडा काही केल्या वाचता येईना, म्हणून तो मी सोडून दिला. दाव्याची जागाही बदललेली होती: ढगीला भिंतीकडे बांधायचे, हिला दाराकडे. आणि एका फोटोत दुधाचा टेम्पोवाला ह्या गाईचं दावं हातात धरून उभा होता. टेम्पोवाला रोज दूध न्यायला येतो, जनावरांना कधी हात लावत नाही. पण त्याचा मेहुणा गुरांचा व्यापारी आहे, हे बाबांनी मला दोनदा सांगितलं.

"कुठंतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले. "विकली त्याने. आणि तिच्यासारखी दिसणारी आणून बांधली."

दादा असं करील असं मला वाटत नव्हतं. पण मला काय वाटतं ह्याला मोजमाप नसतं, आणि कागदावर तर चार वेगवेगळ्या खुणा मांडलेल्या होत्या. दादाला फोन केला की तो घाईत असायचा. व्हिडिओ लाव म्हटलं की नेट नाही म्हणायचा. बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं: नव्वद टक्के, दुसरी गाय.

"उरलेले दहा?"

"तेवढे ठेवायचेच असतात."

"मग शंभरच झाले," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ते घरमालकिणीशी जिन्यात बोलत उभे होते. तिची मागची खोली रिकामी होती, ती ते विचारत होते. मला म्हणाले, ज्या घरात ढगी विकून तिच्या जागी दुसरी बांधतात आणि रोज सकाळी मला तिचाच म्हणून फोटो पाठवतात, त्या घरात माझं काय काम? आठ आठवडे झाले तरी मी जात नाही. हे त्यांनी चढ्या आवाजात म्हटलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. ते हळू बोलले. मी म्हटलं, खोलीचं आत्ताच काही ठरवू नका, मी आधी जाऊन बघून येते.

"जा. पण मी पाठवलंय असं बोलू नकोस."

म्हणून मी घरी कळवलं की मला तळ्यावरच्या चतुरांचे फोटो काढायचेत, कामासाठी. चार दिवस येते.

"आत्ताच का?" दादाने विचारलं.

"चतुर आत्ताच असतात."

ते खरं होतं, पण तेवढंच खरं होतं.

मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. घरी वहिनी एकटीच होती. दादा तालुक्याला गेलाय म्हणाली, पेंड आणायला. जनावरं शेजाऱ्याबरोबर नदीकडे चरायला गेली होती. ह्याआधी आमची जनावरं शेजाऱ्याबरोबर कधी गेलेली मला आठवत नव्हती. मी बॅग ठेवली, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पाणीही न पिता गोठ्यात गेले.

गोठा रिकामा होता. वीस वर्षांत न हललेली गव्हाण दाराजवळ सरकवलेली होती. जमिनीत नवीन खुंटा होता, त्याच्या भोवतीची माती अजून बसली नव्हती. ढगीच्या जुन्या जागी लाकडी शिडी आडवी टाकलेली आणि तिची एक पायरी मोडलेली. मी सगळ्याचे फोटो काढले. शेजारी मोजपट्टी ठेवून काढले.

"चतुर गोठ्यात असतात का हो वन्सं?" वहिनी दारात उभी होती.

मी म्हटलं, उजेड तपासतेय.

"तपासा तपासा. पंचनामा झाला की चहा प्यायला या."

ती थट्टेने म्हणाली की नाही ते मला कळलं नाही. चहा पितानाही ती माझ्याकडे कमी आणि कॅमेऱ्याकडे जास्त बघत होती. मी विचारलं, गव्हाण का हलवली? तर म्हणाली, तिकडे ओल येते. शिडी कशी मोडली? जुनी होती. टेम्पोवाल्याचं कसं चाललंय? "त्याचं काय चालायचंय, टेम्पो चालतो," म्हणाली आणि कपबश्या उचलून उठली. वहिनी एरवी एका प्रश्नाला दहा वाक्यं बोलते. त्या दिवशी ताकास तूर लागू देत नव्हती.

तळ्यावर जाऊन मी खरंच चतुर टिपले, नाहीतर दाखवायला काही राहिलं नसतं. एक लाल चतुर पुन्हापुन्हा एकाच काडीवर येऊन बसत होता. त्याचे सोळा फोटो काढले आणि एकाही वेळी माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मी रस्त्याकडे बघत होते.

संध्याकाळी जनावरं परत आली. पुढे म्हशी, मागे तांबडी, शेवटी पांढरी गाय. मी उठून उभी राहिले. काळा डाग डाव्या कुशीवर होता. खाच खाली, उजवं शिंग मोडकं, पिवळा बिल्ला डाव्या कानात. ती ढगी होती. मी हाक मारली तर तिने मान वळवली, पण मान ती कोणालाही वळवते.

मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी कुंपणाआड जाऊन बाबांना फोन केला.

"काल कळवलं होतंस ना येते म्हणून?" बाबा म्हणाले.

"हो."

"मग झालं. एका दिवसात परत आणली. टेम्पो आहेच दिमतीला."

आज हे सांगताना मला लाज वाटते, पण त्या क्षणी मला ते पटलं. रोजच्या फोटोतली गाय वेगळी, समोरची वेगळी, मध्ये माझा फोन. सरळ हिशेब होता. तू जाईपर्यंत ती तिथेच राहील, बाबा म्हणाले, तू गेलीस की पुन्हा दुसरी येईल, बघ.

अंधार पडायच्या आत दादा आला. पेंडीचं पोतं नव्हतं. दुकान बंद होतं म्हणाला. उजवा हात जाकिटाच्या खिशात होता, तो त्याने खिशातच ठेवला. माझी बॅग दारातून उचलून आत ठेवली ती डाव्या हाताने. मी आल्याचा त्याला आनंद झाल्यासारखं दिसलं, आणि मग लगेच तो सावध झाल्यासारखाही दिसला. जेवताना चमचा डाव्या हातात. मी बघतेय हे कळल्यावर म्हणाला, काय गं सायंटिस्ट, माझाही नमुना नेणार का? मला वाटलं, खिशात पावती आहे. कसली, ते काही मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून वहिनीच्या मागोमाग गोठ्यात गेले. ती फोटो काढते कसे, आणि ती पाठवते तो फोटो खरंच त्या दिवशीचा असतो का, हे मला बघायचं होतं. वहिनीने फोन काढला, ढगीकडे पाठ केली, हात लांब करून फोन आपल्याच तोंडासमोर धरला आणि खांद्यावरून मागे बघत गाय चौकटीत घेतली. त्याच क्षणी मी तिच्या बाजूला उभी राहून माझ्या कॅमेऱ्याने फोटो काढला.

"अशी का काढतेस?"

"मागचा कॅमेरा कधीचा गेलाय. नुसतं धुकं येतं." मग फोन पुसत ती म्हणाली, "आणि खरं सांगू का, मला आवडतंही. बाबा रोज गाय बघतात. म्हटलं, गाईबरोबर मीही दिसेन."

तिने फोटो पाठवला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. एकच गाय, एकच क्षण. माझ्या फोटोत डाग डावीकडे, वहिनीच्या फोटोत उजवीकडे.

वहिनीचा फोन पुढच्या कॅमेऱ्यातला फोटो आरशात दिसतो तसाच उलटा साठवत होता. ती सोय बंद करता येते. कोणी केली नव्हती, कारण कोणाला त्याची गरज पडली नव्हती. माझ्या चार खुणा मुळात चार नव्हत्याच. डाग, खाच, शिंग, बिल्ला, सगळं एकदम बाजू बदलून आलं होतं, आणि सगळं एकदम बाजू बदलतं ते फक्त आरशात. एकच गोष्ट मी चारदा मोजली आणि त्याला नव्वद टक्के म्हटलं. बिल्ल्यावरचा आकडा वाचता येत नव्हता, कारण तो उलटा होता.

मग मी वहिनीचे जुने फोटो उघडले. कडा कापलेले नाही, मूळ, जसे आले तसे. ते छत्तीस होते. मी एकेक उलटवून सरळ करत गेले. वहिनी प्रत्येकात होती. पहिल्या आठवड्यात तिचे डोळे सुजलेले होते. एकात टेम्पोवाला दावं बांधत होता, आणि त्याच्या मागे गव्हाणीवर दादा बसलेला होता. दादा अकरा फोटोंत होता, नेहमी कडेला, नेहमी मी कापून टाकलेल्या भागात. त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये होता आणि गळ्यात अडकवलेला होता.

पाच आठवडे ते फोटो आमच्याकडे येत होते.

दादा कडबा कापायच्या यंत्रापाशी होता, डाव्या हाताने दांडा फिरवत. मी म्हटलं, हात दाखव. त्याने माझ्याकडे बघितलं, मग हात खिशातून काढला. मनगट बारीक झालेलं, कातडी सालपटलेली. काल दुपारी प्लास्टर काढलं होतं. तालुक्याला त्यासाठीच गेला होता. बारा तारखेला माळ्यावरून चारा काढताना शिडीची पायरी मोडली, तो हातावर पडला, फोन अंगाखाली चिरडला; टाकीचं नुसतं सांगितलं होतं. दूध वहिनीने एकटीने काढायला सुरुवात केली, म्हणून ढगीला दारापाशी उजेडात आणलं, गव्हाण सरकवली. दावी बांधायला टेम्पोवाला अडीअडचणीला थांबायचा.

"मला तरी सांगायचंस," मी म्हटलं.

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. बाबांना कळलं असतं तर त्याच दिवशी बसमध्ये बसले असते. डोळा गेला असता म्हणजे?" सोमवारी आठ आठवडे पुरे होत होते. त्या दिवशी तो सांगणार होता.

मग मला माझं सांगावं लागलं. चतुर, बाबांनी पाठवणं, मोजपट्टी, नव्वद टक्के, घरमालकिणीची मागची खोली. तो दांडा फिरवायचा थांबला नाही. कडबा कापला जात होता आणि खाली पडत होता.

"बाबांचं मला कळतं," तो शेवटी म्हणाला. "इतके आठवडे उंटावरून शेळ्या हाकतायत, संशय येणारच. ते देवाला हात जोडतानाही एक डोळा उघडा ठेवतात. पण तू मोजून सांगितलंस. तू सांगितलंस म्हणून त्यांना ते खरं वाटलं."

मी चुकले, म्हटलं.

"आता किती टक्के?" त्याने विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता कडब्याची पुढची पेंढी यंत्रात सारली.

बाबांना फोन केला. आधी गाईचं सांगितलं, मग हाताचं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी पुढचा कॅमेरा, आरसा, सगळं समजावलं. दोन्ही फोटो पाठवले, एक उलटा, एक सरळ.

"म्हणजे फोटो उलटा करता येतो," बाबा म्हणाले.

"हो. तो आपोआपच—"

"मग तू पाठवलास तो कशावरून सुलटा?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि प्लास्टर. त्याचाही फोटोच ना?" मग म्हणाले, "तुला बघायला पाठवलं. तू जाऊन त्यांच्यात मिळालीस." आणि फोन ठेवला.

ते येतील की नाही, मला माहीत नव्हतं. शनिवार गेला, रविवार गेला. घरात मी होते पण माझ्याशी बोलणं कामापुरतं होतं. वहिनी चहा पुढे ठेवायची आणि कॅमेरा टेबलावर असेल तर तो शांतपणे उचलून फळीवर ठेवायची. मी तो एकदाही उघडला नाही.

सोमवारी दुपारी बस थांबली. बाबा काळा चष्मा लावून उतरले. चालकाशेजारच्या सीटवर बसून आले होते, धक्के कमी लागतात म्हणून. सकाळी डॉक्टरांकडून परवानगी घेऊनच निघाले होते आणि ते आम्हाला सांगितलं नव्हतं. हातात लहान पिशवी. घराच्या पायऱ्यांकडे ते वळलेच नाहीत. दादा पुढे झाला होता, त्याच्या बाजूने ते गोठ्याकडे गेले. आम्ही तिघं त्यांच्या मागे.

ढगी रवंथ करत उभी होती. बाबांनी चष्मा काढला नाही. आधी हात फिरवला कुशीवरून, डागाची कड धरून, खाचेपर्यंत. मग शिंग. मोडक्या टोकावर अंगठा ठेवून चाचपलं. मग कानातला बिल्ला वळवून तोंडाने आकडा म्हटला, हळू, स्वतःशी. वहिनी म्हणाली, वाकू नका हं. ते वाकले नाहीत, गाईचीच मान वर केली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन दोन ठिपके मोजले. दोन ठिपके मोजायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

"आहे," ते म्हणाले. "आपलीच आहे."

दादा दारात उभा होता.

"आता मलाही बघून घ्या," तो म्हणाला. "मी तोच आहे का."

तो हसून म्हणाला नव्हता. बाबा वळले. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला, ऑपरेशनचा डोळा अजून लाल होता. दोन पावलं पुढे येऊन त्यांनी दादाचा उजवा हात धरला, लंगडणाऱ्या जनावराचा पाय धरतात तसा, खालून आधार देऊन, आणि अंगठ्याने कोपरापासून मनगटाकडे दाबत आले.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"हं."

बाबांनी तिथेच अंगठा ठेवला, दाब काढून. "वाकडं बसलंय."

"नीट बसलंय. डॉक्टरांनी फोटो काढून बघितलंय."

"फोटो काढून," बाबा म्हणाले. "त्यानेच बसवलं, तो नीटच म्हणणार. दुसऱ्याला दाखवायचं. त्या माणसावर माझा विश्वास नाही." आणि वहिनीकडे वळून तिला विचारू लागले की हाताला शेक देतेस का, किती वेळा देतेस, पाणी किती गरम असतं. वहिनी सांगत होती आणि ते प्रत्येक उत्तरावर खरं का असं विचारत होते. दादाचा हात त्यांनी सोडला नव्हता. दादा मान वळवून गव्हाणीकडे बघत उभा राहिला, पण हात त्यानेही ओढून घेतला नाही.

ढगीचं दूध काढायची वेळ झाली. बाबा बाजूला उलट्या बादलीवर ताठ बसले आणि वहिनी काढते कशी ते बघू लागले. पहिली धार पडल्यावर म्हणाले, बोटं फार ओढतेस. दुसऱ्या धारेला काही म्हणाले नाहीत. बादली निम्मी भरल्यावर, नजर तिकडेच ठेवून, ते मला म्हणाले, "मी सामान अर्धंच आणलंय. उरलेलं पाठवून दे. कपडे कपाटात आहेत, गोळ्यांचा लाल डबा खिडकीत. आणि घरमालकिणीला खोलीचं नाही म्हणून सांग."

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"ती कशाला पाठवतेय," दादा बाबांना म्हणाला, मी तिथे नसल्यासारखं. "मीच जाऊन घेऊन येतो."

बाबा बरं म्हणाले. वहिनीने मान वर करून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. शहरापर्यंत बसने पाच तास लागतात, जायला पाच आणि यायला पाच, आणि त्याचा हात अजून धड वळत नव्हता. डबा पाठवायचं काम माझ्यावर सोपवायचं नाही म्हणून तो येणार होता की मला भेटायचं म्हणून, ते मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. मी विचारलं, कधी येतोस? तो म्हणाला, बघू.